युरियाचं पोतं आणि आमचे कदम सर

आमच्या लोह्याच्या माती तपासणी लॅबमध्ये जुने नमुने अधूनमधून फेकून द्यावे लागतात, नाहीतर बसायला जागा उरत नाही. किस्से मात्र फेकवत नाहीत! त्यातले निम्मे आमच्या लॅबचे प्रमुख कदम सर यांचे; मी त्यांच्या हाताखाली. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

*

जवळच्या गावचे शेतकरी माधवमामा लॅबमध्ये पहिल्यांदा आले ते नव्या पिशवीत चाळलेली, मऊसूत माती घेऊन. रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास! सरांना शंका आली. "मामा, कुठल्या रानातली ही?"

"शेजारच्या शिंद्याच्या," मामा म्हणाले. "आमची लई बेकार हाय. रिपोर्ट खराब आला असता ना!"

माझी हसून पुरेवाट झाली. सर हसले नाहीत. त्यांनी मामांना चहा पाजला, गाडीवर मागं बसवलं आणि त्यांच्या रानात जाऊन स्वतः खड्डे खणून माती आणली.

*

मामांच्या गावात युरिया नुसता वरून फेकायची पद्धत. सरांनी बरणीत ओली काळी माती घेतली, वर मूठभर युरिया टाकून झाकण लावलं. दोन दिवसांनी ती पारावर सगळ्यांच्या नाकाखाली उघडली. डोळ्यांतून पाणी!

"हा वास म्हणजे तुमचं खत हवेत चाललंय," सर म्हणाले.

मागून एकजण ओरडला, "मग रानाला झाकण कुठून आणावं, सर?"

"पायाखाली आहे की! खत टाकलं, लगेच मातीआड करा."

*

सर एकदा पुतण्यासाठी लातूरकडं स्थळ बघायला गेले. मुलीच्या वडिलांनी बंगला दाखवला, कार दाखवली. सरांनी खुरपं मागितलं! रानात उकिडवे बसले, दोन ढेकळं फोडली आणि परत येऊन वहिनींना म्हणाले, "होकार द्या. काडीकचरा जाळत नाहीत, रानातच कुजवतात. गांडुळं आहेत!"

सून गुणाची निघाली.

*

सरांचा कस लागला तो मामांच्या सोयाबीनला. तीन एकर रान, सगळं घर त्यावर. पीक जरा पिवळं दिसलं की मामा दरवर्षी युरिया फेकायचे. सरांनी पेरणीलाच बेतानं अमोनियम सल्फेट द्यायला लावलं आणि वरचा युरिया बंद! "त्यात गंधक आहे, तेलबियांना ते लागतं. नत्राचं म्हणाल तर सोयाबीन मुळांच्या गाठींत स्वतःच कमावतं. वरून युरिया दिला की नुसता पाला माजतो."

श्रावणात झड लागली आणि मामांचं पीक पिवळं पडलं. शेजारी युरिया टाकलेलं शिंद्यांचं हिरवंगार! मामा लॅबमध्ये येऊन कडाडले, "सर, गाव हसून राहिलं! पीक गेल्यावर आमी खावं काय?"

सर तसेच रानात गेले. एक झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली. आतून लालसर. "लाल आहे म्हणजे नत्राचा कारखाना चालू आहे, मामा. पाणी साचलंय, तेवढं काढू." मग चिखलात उभं राहून स्वतः चर खणला.

परत येताना मला हळूच म्हणाले, "मी चुकलो तर त्यांच्या चुलीचं काय रे?" पुढं कितीतरी दिवस त्यांचा डबा अर्धाच संपायचा.

*

मळणी झाली. शिंद्यांचं सोयाबीन कमरेएवढं, पण शेंगा बेताच्याच. मामांची रास त्यांच्याहून मोठी! मामा मात्र सरांना काहीच बोलले नाहीत. साधा फोनसुद्धा नाही. सर हिरमुसले, मला तर रागच आला.

मग येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं सगळे रानात आंबील आणि भज्जी, म्हणजे पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी, जेवतात. कडब्याच्या झोपडीवजा कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात आणि पाच पांडव म्हणून पुजतात. मामांनी आम्हाला बोलावणं धाडलं. सर कोपीत वाकले, हात जोडले आणि दगड मोजायला लागले.

"मामा, सहा कसे?"

मामा खाली मान घालून आंबील ढवळत राहिले. मामीच म्हणाल्या, "एक यंदा वाढलाय. बसा सर, भज्जी गार होऊन राहिली."