नवव्या अंकाचा गूळ

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, घरी नवा माणूस आला की आधी त्याला चहा द्यायचे आणि मग त्याचा अंगठा मागायचे. सहीसाठी नव्हे. पाटीवर ७३९३९१३३ लिहून म्हणायचे, "ही मूळ संख्या. एक आन् ती स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाई. आता शेवटचा तीन झाका." उरलेली संख्याही मूळच. आणखी एक अंक झाकला, तरी मूळच. एकटा सात राहीपर्यंत हा खेळ चाले आणि पाहुण्याचा चहा निवून जाई.

अप्पा कर्नाटकाच्या सीमेवरल्या औरादला गणित शिकवून निवृत्त झालेले. शिकले उर्दूत, शिकवलं मराठीत, साहेबांशी बोलले कानडीत. सातापासून एकेक अंक जोडत ही संख्या त्यांनी हातानं वाढवली होती, आणि जीव अडकला होता नवव्या अंकात. सम अंक आणि पाच चालतच नाहीत. एक किंवा सात जोडला तर तीननं भाग जातो. तीन जोडून त्यांनी पाहिला, तोही टिकला नाही. राहिला फक्त नऊ. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्या नऊचे भागाकार वर्षानुवर्षं चालले होते. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "थांब की पोरी, ह्यो एवढा भागून येतो." सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ह्यांचं लगीन आकड्याशीच लावायला पायजे होतं."

एका बाजारच्या दिवशी अप्पा अंगणातून ओरडले, "टिकला! नऊ टिकला!" आमच्याकडे मूल झालं की गूळ वाटतात. अप्पांनी ढेप फोडली आणि बाजारभर वाटून आले. कुणी विचारलं, "अप्पा, नातू झाला व्हय?" तर म्हणाले, "त्याच्याहून थोरला!"

मीही शाळेत गणितच शिकवत होते. कौतुकानं ती पानं तपासायला घेतली, आणि एका ठिकाणी अप्पा हातचा विसरलेले दिसले. तो धरला तर बाकी शून्य. भाग गेला होता. मला रडूच कोसळलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गावभर गूळ वाटून झालेला. सांगायचं कोणत्या तोंडानं? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खोट्या आनंदात ठिवलेलं त्यांना आवडंल व्हय?"

मी पान पुढं ठेवलं. अप्पांनी तो भागाकार पुन्हा करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "व्हय की गं. गेला." पण थोड्या वेळानं अप्पा चप्पल शोधायला लागले. "म्हणजे ही आठ अंकांवरच पुरी झाली. पुढं वाढतच न्हाई. हे तरी आपल्याला कुठं म्हाईत होतं?"

"आन् आता कुठं निघालाव?" सासूबाईंनी विचारलं.

"गूळ आणायला."

"परत कामून?"

"परवाचा चुकून वाटला. आजचा खरं कळल्याचा."

अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेत माझ्या टेबलाच्या खणात गुळाचा डबा असतो. फळ्यावरची माझी चूक जो दाखवील त्याला खडा. पहिल्यांदा एका मुलीनं हात वर केला, तेव्हा माझं तोंड उतरलंच होतं. मग अप्पांचं ते चप्पल शोधणं आठवलं. त्या दिवशी गूळ सगळ्या वर्गाला मिळाला.