समाजमंदिरातला घडीचा रंगमंच

आमच्या सेक्टरमध्ये माणसांच्या आधी समाजमंदिर बांधून तयार होतं. नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या बऱ्याच इमारतींचं असंच होतं. आधी इमारत उभी राही आणि मग तिच्यात काय करायचं याचा विचार सुरू होई. आम्ही राहायला आलो तोवर तिथे सकाळी बालवाडी भरू लागली होती. संध्याकाळी कधी साखरपुडा असे, कधी योगासनं, तर कधी एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा. या सभांत पाण्याच्या टाकीवरून जे संवाद होत, ते पुढे तिथे झालेल्या नाटकांतल्या संवादांपेक्षा जास्त जोरकस असत.

मी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होतो. दिवसभर न्हावा शेव्याकडच्या गोदामांची ड्रॉइंग काढायचो. गोदाम हा इमारतीचा सर्वांत निगर्वी प्रकार. त्याला दर्शनी भाग नसतो आणि त्याच्यासमोर उभं राहून कुणी भाषण करत नाही. मला ते काम आवडायचं.

शेजारच्या वहिनी बँकेत होत्या. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या आंतरबँक स्पर्धांत नाटकं करायच्या. चांगलं काम करायच्या, असं त्यांना दादरला पाहिलेले लोक सांगत. खाडी ओलांडून इकडे राहायला आल्यावर ते सुटलं. बँक सुटल्यावर तालमीला थांबायचं म्हणजे घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली आणि सासूबाई जाग्या. एका रविवारी चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं, समाजमंदिरात नाटक करता येईल असं काही बसवता येईल का. म्हणाल्या, "भावजी, मी आता नाटकापर्यंत जाऊ शकत नाही. ते इथे आलं तरच. नाहीतर आता नाहीच." हे त्या रडव्या सुरात म्हणाल्या नाहीत. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. म्हणूनच मला ते नाकारता आलं नाही.

हॉल पाहायला गेलो तेव्हा तिथे बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. शनिवारी-रविवारी काय वाटेल ते करा, पण सोमवारी मुलं आली की मला जमीन दिसली पाहिजे. खिळा नको, कुसळ नको, वायर नको. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत स्पष्ट अट. ऑफिसातली बडी गिऱ्हाइकं 'काहीतरी भव्य हवं' एवढंच सांगत.

हॉल लांबट होता आणि मधोमध दोन खांब. एका टोकाला रंगमंच करावा तर मागच्या निम्म्या लोकांना नाटकाऐवजी खांब दिसणार. म्हणून मी खोली आडवी वापरली. लांब भिंतीला लागून रंगमंच आणि तीन बाजूंनी प्रेक्षक. खांब रंगमंचातच घेतले. एका नाटकात ते घराचे खांब होतील, दुसऱ्यात झाडं, तिसऱ्यात नुसतेच खांब. लाकडी चौथरे केले, नाटकवाले त्यांना लेव्हल म्हणतात. पाय बिजागऱ्यांवर दुमडणारे, दोन माणसांना उचलता येतील एवढ्या वजनाचे. विंगांसाठी पाइपच्या चौकटी, खाली चाकं, वर काळा रंगवलेला मांजरपाट. प्रेक्षकांना उतार हवा, तो फर्निचरनेच साधला. पुढे सतरंजी, मागे खुर्च्या आणि त्यामागे लेव्हलवर ठेवलेली बाकं. लहान मुलं सतरंजीवर, म्हातारी माणसं खुर्च्यांवर आणि जे लोक मधूनच उठून जातात ते बाकांवर, हा भाग मला आखावा लागला नाही.

खरा घोळ पंख्यांनी घातला. पहिल्या चाचणीत दिवे छताला टांगले आणि पंखे सुरू केले. पात्यांच्या सावल्या वहिनींच्या तोंडावरून अशा पळायला लागल्या की सरळ वाक्यसुद्धा वेड लागल्यासारखं वाटत होतं. पंखे बंद केले तर लोक उकडून निघणार. मग दिवे खाली उतरवले. तेलाच्या रिकाम्या डब्यांत बल्ब बसवले आणि ते पंख्यांच्या खाली, काठ्यांवर उभे केले. उजेड चेहऱ्यावर नीट पडला. काठ्यांना पाय अडखळायचा, पण सगळंच एका हॉलमध्ये मिळत नाही.

जमिनीवरून सगळं उचलून मागच्या भिंतीशी रचायला चहा गार होण्याएवढा वेळ लागे. बालवाडीच्या बाईंनी एका सोमवारी येऊन पाहिलं आणि मान हलवली. आम्ही तेवढ्यावर खूष झालो.

आता अध्यक्ष. सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या समितीचे अध्यक्ष मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचे वडील हमाली करायला मुंबईत आले होते आणि यांचा एपीएमसी मार्केटात कांद्या-बटाट्याचा गाळा होता. माणूस दिलदार. लाकूड त्यांनी मिळवून दिलं, सुतार त्यांनीच आणला. मात्र उद्‌घाटनाशिवाय कोणतीही गोष्ट सुरू होऊ शकते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी एकदा म्हणालो की ही मांडायची-उचलायची वस्तू आहे, हिचं उद्‌घाटन कसलं करणार? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रविवारी उद्‌घाटन झालं. व्यासपीठावर बसलेल्यांनी एकमेकांचा सत्कार केला. शाली पुरल्या नाहीत तेव्हा एकच शाल दोघांच्या अंगावरून फिरली. चार वक्त्यांनी रंगभूमीची सेवा या विषयावर भाषणं केली आणि चौघेही दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं म्हणून लवकर निघाले. वहिनींचं नाव आभारांच्या यादीत मंडपवाल्यानंतर आलं.

हे सगळं चालतं. न चालणारी गोष्ट आम्हांला संध्याकाळी लेव्हल उचलायला गेल्यावर कळली. अध्यक्षांनी नटराजाची हातभर उंच मूर्ती आणली होती. भटजींकडून तिची रीतसर प्राणप्रतिष्ठा केली होती. आणि देव डगमगू नये म्हणून सकाळीच गवंडी बोलावून ती पुढच्या मधल्या लेव्हलवर सिमेंटने बसवून घेतली होती. सिमेंट फळीच्या फटींतून खाली उतरून बिजागऱ्यांत शिरलं होतं. पाय दुमडत नव्हते. वहिनींनी जमवलेल्या नाटकवाल्यांपैकी एकजण ओढून बघायला पुढे झाला, पण त्याच्या हाताला हळदकुंकू लागलं तेव्हा तो मागे सरला.

सोमवारी मुलं आली. त्यांनी लेव्हलभोवती फेर धरला, देवाला नमस्कार केला आणि एकाने डबा उघडून नैवेद्यही दाखवला. बाईंनी मात्र सगळ्या मुलांना बाहेर नेऊन व्हरांड्यात उन्हात बसवलं. ते आम्हांला दिसावं म्हणून बसवलं होतं, आणि दिसलं.

समितीची सभा भरली. सगळ्यांना अडचण मान्य होती, पण देवाला हात लावायचं पाप कुणाला नको होतं. शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. लेव्हल आहे तिथेच राहू दे. खाली विटा भरून रंगमंच पक्का करू. नाटकवाल्यांना कायमची जागा होईल आणि बालवाडी पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत नेऊ. सगळ्यांनी वहिनींकडे कौतुकाने पाहिलं. त्यांना हवं ते, हव्या त्याहून जास्त मिळत होतं.

त्या म्हणाल्या, उद्या सांगते.

सभा उठल्यावर त्याच रात्री त्यांनी मला हॉलवर बोलावलं. मूर्तीच्या मागे उभ्या राहून त्यांनी आपल्या भूमिकेतलं थोडं म्हणून दाखवलं, मग पुढे येऊन. नटराज प्रेक्षकांकडे तोंड करून होता, म्हणजे नटांना त्याची पाठ मिळत होती. पुढे यावं तर देवाकडे पाठ होत होती. मग त्या लेव्हलच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का भावजी, क्षणभर मला पंपाशेजारची खोली तशी वाईट वाटली नव्हती." त्या खोलीला खिडकी नव्हती. आम्हां दोघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. ते मार्केटातून नुकतेच आले होते आणि अंगाला कांद्याचा वास होता. वहिनींनी आधी त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, मग शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मूर्तीची उत्तरपूजा करायची का?"

अध्यक्ष जरा गोंधळले. म्हणाले, "म्हंजे विसर्जन?"

"विसर्जन नाही. अक्षता वाहायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची आणि चौरंगावर घ्यायची. प्रयोग असेल तेव्हा पुन्हा स्थापना."

"अवो ताई, बसवलेला देव असा उचलत न्हाईत."

"तुमचा गणपती किती दिवसांचा असतो?"

"दीड दिसाचा."

"मग तो काय कमी देव असतो का?"

मला वाटलं, आता ते चिडणार. पण ते सांगू लागले ते वेगळंच. लहानपणी त्यांच्या गावाला तमाशाची कनात यायची. ती लागली की सगळा गाव उजळून निघायचा. आणि सकाळी शाळेत जाताना बघावं तर खुंट्यांची भोकं उरलेली. त्या भोकांत पाय घालून ते उभे राहायचे. म्हणाले, "तवापासनं वाटायचं, एक तरी असं करावं की सकाळच्याला तिथंच असंल."

मी नकाशे काढणारा माणूस, आणि हा हॉल आखताना मला कनातीची आठवणसुद्धा झाली नव्हती. माझ्या डोक्यात परदेशी मासिकांतली चित्रं होती. आपल्याकडे सत्यनारायणाला चार केळीचे खांब नि एक चौरंग यांत देऊळ उभं राहतं आणि प्रसाद संपायच्या आत उतरतं, ही गोष्ट मी जन्मभर पाहत आलो होतो. पण तिला मी कधी डिझाइन म्हटलं नव्हतं. आणि तरीही त्या क्षणी मला अध्यक्षांचंच म्हणणं जास्त समजलं. आमच्या त्या सेक्टरमध्ये प्रत्येकजण कुठून तरी उठून आलेला होता. टिकणारं काहीतरी हवंसं वाटणं ही त्यांची हौस होती, पण ती केवळ मिरवायची नव्हती.

अखेर ते तयार झाले, एका अटीवर. स्थापना आणि उत्तरपूजा, दोन्ही दर वेळी त्यांच्याच हातून व्हायला हवी. वहिनींनी लगेच होकार दिला. मला वाटतं, त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच या अटीचा अर्थ कळला नव्हता.

गवंड्याने छिन्नीने सिमेंट फोडलं. त्या लेव्हलचा एक पाय कायमचा लंगडा झाला, तिथे आम्ही वीट लावू लागलो. शनिवारी संध्याकाळी अध्यक्ष धोतर नेसून आले, नटराजाला चौरंगावर बसवलं, नारळ फोडला आणि सवयीने निघायला वळले. वहिनींनी मेकअपमधूनच विचारलं, उत्तरपूजेला कोण आहे? तेव्हा ते थांबले. उत्तरपूजा नाटक संपल्यावर होती. तोवर त्यांना बसावंच लागणार होतं. ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले आणि फोडलेला नारळ हातात तसाच राहिला.

नाटक एका बाईविषयी होतं. ती घर सोडून निघते आणि दारात थांबते, तिथेच ते संपतं. वहिनी दारात उभ्या राहिल्या तेव्हा सतरंजीवरची मुलंसुद्धा गप्प होती. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी फार काही केलं नाही. उंबरठ्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. दादरला त्यांना पाहिलेले लोक खोटं सांगत नव्हते.

टाळ्या झाल्या. लोक उठले, पण बरेचसे तिथेच घुटमळत राहिले. आम्ही लेव्हलचे पाय दुमडायला घेतले. अध्यक्षांनी अक्षता वाहिल्या, मूर्ती उत्तरेकडे जराशी हलवली आणि दोन्ही हातांत उचलून घेतली. वहिनी खोबरेल तेलाने रंग पुसत होत्या. मूर्ती तशीच धरून ते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, ती बाई जाते का न्हाई शेवटी?"

"माहीत नाही साहेब. मी दर तालमीत वेगळं ठरवते."

"आज काय ठरवलं हुतं?"

"आज जाणार होते. पण दारात आल्यावर वाटलं, थांबावं."

मूर्ती जड होती, त्यांनी ती खांद्याशी टेकवली.

"तिनं जायला पायजे हुतं," ते म्हणाले. "फुडच्या शनिवारी परत लावा. बघू."