ई वरून इस्टँड

मंडळी, आज पाथर्डीला मी सहावीच्या वर्गात ई अक्षराचे वेगळेच इंग्रजी शब्द शिकवत होते. एनिग्मा म्हणजे कोडं, एफिमरल म्हणजे क्षणभर टिकणारं.

“आता तुम्ही सांगा,” म्हटलं, तर सोनालीनं हात वर केला.

“इस्टँड! म्हंजी जिथून आमचे आई-दादा ऊस तोडायला जात्यात.”

मला हसू आलं. वर्गात दुसरं कुणीच हसलं नाही.

“अगं, ते स्टँड, एस वरून.”

“पन म्याडम, एस म्हनताना बी आदी ए येतोच की, एनिग्मावानी!”



शाळा सुटल्यावर जीपवाल्यानं विचारलं, “कुठं उतरायचं?” माझ्या तोंडून निघालं, “इस्टँडला.”

आता उद्या सोनालीचा शब्द फळ्यावर कुठल्या अक्षराखाली लिहू?