दोघांत दुसरा

तानाजी गेल्याचं मला फोनवर कळलं. पण तो आंतरराष्ट्रीय होता हे कळलं ते आष्ट्याच्या चौकात एसटीतून उतरल्यावर. फ्लेक्सवर हसरा तानाजी, मागं त्याची दोन सायलेन्सरची लाल मोटारसायकल आणि खाली ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय मोटारसायकल रेसर’. चौकातल्या मंडळाची पोरं दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावायची आणि दरवर्षी त्याला एक पायरी वर चढवायची. आधी नुसता ‘रेसर’, मग ‘जिल्ह्याचा अभिमान’, मग ‘राज्यस्तरीय’, मग ‘राष्ट्रीय’. उरलेली पायरी त्यांनी त्याला मेल्यावर दिली. मला त्याही परिस्थितीत हसू आलं, लगेच लाजही वाटली, आणि घराकडं चालता चालता मनात एक प्रश्न उभा राहिला, जो इतक्या वर्षांत मी कधी विचारला नव्हता. यातलं खरं किती?

तानाजी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आष्ट्यात त्याचं गॅरेज होतं आणि मी जवळच्या वाडीतला. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचे. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं कॉलेजात नाव कसं घालतात हे सांगणारंही कुणी नव्हतं. प्रवेशाची मुदत संपायच्या दिवशी तानाजीनं मला लाल गाडीवर मागं बसवलं आणि सांगलीला नेलं. तो रेसर आहे हे मी ऐकून होतो, म्हणून दोन्ही हातांनी त्याचा शर्ट घट्ट धरून बसलो होतो. पण गाडी आपली निवांत चाललेली. ट्रक पुढं गेले, एसटी पुढं गेली. शेवटी धीर करून म्हटलं, आण्णा, जरा पळव की. तो म्हणाला, “पोचवतो रं. गप बस.” कारकून खिडकी लावतच होता, तेव्हा आम्ही पोचलो. पुढं मी बी.ए. झालो, पण दुसऱ्या वर्गात. पहिला वर्ग हुकला म्हणून तोंड लपवत होतो, तर त्यानं गॅरेजात बोलावून पुढ्यात भजी ठेवली आणि म्हणाला, “मी तीनदा दुसरा आलोय. काय झालं मला? खा.”

त्या वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. साताऱ्याला शाळेत नोकरी लागली, घर झालं, मुलं शिकली. कधी कुणी मागून येऊन पुढं निघून गेलं की मला ती भजी आठवायची. तानाजी तीनदा दुसरा आला होता आणि मजेत जगत होता... म्हणून ते खरं असणं माझ्यासाठीही गरजेचं होतं.

साताऱ्यात जुन्या मोटारसायकली जपणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दरवर्षी ते फेरी काढतात. यंदाच्या फेरीत तानाजीची लाल गाडी ठेवायची आणि तिच्याशेजारी त्याच्याविषयी चार ओळींचा फलक लावायचा असं त्यांनी ठरवलं. निखिल नावाचा पस्तिशीतला इंजिनिअर हे बघत होता. तानाजीच्या गाडीसारखीच एक गाडी त्याच्याकडंही आहे. चार ओळी मी लिहाव्यात असं त्यानं सांगितलं, आणि आष्ट्यातली तानाजीची शोकसभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाला, “सर, राग मानू नका. जुन्या रेसवाल्यांना मी विचारून बघितलं. तानाजीकाका कुणालाच आठवत नाहीत.” मला राग आला. पण राग आला तो त्यानं माझीच शंका बोलून दाखवली म्हणून.

मग मी आष्ट्याला गॅरेजात जाऊन बघू लागलो. ज्या वस्तू आयुष्यभर कौतुकानं पाहिल्या, त्या आता चोराचा माल पाहावा तशा उलटसुलट करून पाहत होतो. फळीवर तीन कप होते. तिन्हींवर ‘द्वितीय क्रमांक’ एवढंच. स्पर्धेचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. आणि कपांवर कोरलेलं चित्र दोन पैलवानांचं, एकमेकांना भिडलेले. भिंतीवर एक फोटो, धुळीतून येणारी गाडी, वर बसलेल्याच्या तोंडावर रुमाल, डोळ्यांवर गॉगल. तो तानाजी असू शकत होता, तसा कुणीही असू शकत होता. आणि त्याचं ते हळू चालवणं! साऱ्या आष्ट्यानं त्यावरून त्याची चेष्टा केली होती. रेसर म्हणं, आणि उसाची बैलगाडी ह्याच्या म्होरं जाती, असं लोक तोंडावर म्हणायचे आणि तो हसायचा. एकच गोष्ट त्याच्या बाजूनं होती. खोटंच सांगायचं तर माणूस पहिला आलो म्हणून सांगेल. दुसरा आलो असं कशाला सांगेल?

हे सगळं चाललेलं तानाजीच्या पत्नी सुशीलावहिनी दारात बसून बघत होत्या. मी कप उपडा करून खाली काही लिहिलंय का बघायला लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमालाबी वाटाय लागलं व्हय, भावजी?” मी कप फळीवर परत ठेवला. त्यांचं लग्न झालं तेव्हा शर्यती संपल्या होत्या. त्यांनी एकही पाहिली नव्हती. नवऱ्यानं सांगितलं ते त्यांनी मानलं, आणि माहेरी, शेजारी, सुनेच्या माणसांत सांगत आल्या. “तुमी शिकलेलं हायसा. हुडका. खोटं निघालं तर आदी मला सांगा. मी कुणासंगं संसार केला ते मला कळाय पायजे. मग फलकावर काय लिवायचं ते लिवा.”

तानाजी नेहमी म्हणायचा, सांगलीच्या हळदवाल्या धनपालच्या मागं मी दुसरा. हा धनपाल कधी कुणी पाहिला नव्हता. तोही बनावट असेल अशा तयारीनंच मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत गेलो. पण धनपालशेठ खरे निघाले. पंचाहत्तरीचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टावर हळदीची बारीक पूड. आणि गादीमागच्या काचेच्या कपाटात तीन कप होते. तेच दोन पैलवान, आणि वर ‘प्रथम क्रमांक’.

तानाजी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून त्यांनी कपाटाकडं वळून पाहिलं. मग हळूहळू सांगू लागले. कोयनेच्या प्रकल्पातल्या भंगारात दोन मोटारसायकली निघाल्या होत्या. दोन्ही तानाजीनं उभ्या केल्या, एक धनपालशेठना दिली, एक स्वतःला ठेवली. धनपाल एकुलते एक. वडील कृष्णेत पोहायलासुद्धा सोडत नव्हते, पण तानाजी त्यांना आतल्या खोलीत भेटला आणि बाहेर येऊन वडील गाडीला हो म्हणाले. त्यानं काय जादू केली ते धनपालशेठना कधी कळलं नाही. मग पाटणच्या बाजूनं निघायचं आणि वळणं घेत कोयनानगरला चहाच्या टपरीपाशी संपवायचं, अशा तीन शर्यती झाल्या. कप ह्यांनीच सांगलीत, आखाड्याचे कप करणाऱ्याकडून तिन्ही वेळचे एकदमच आणून ठेवले होते. वाटायचा टपरीवाला.

मी विचारलं, किती जण उतरायचे शर्यतीला?

“दोघं,” ते म्हणाले. “मी आन तान्या.”

मला हसावं की रडावं कळेना. फोटोचं विचारलं तर म्हणाले, तो मीच काढलाय. मी आदी पोचल्याबिगर त्याचा येतानाचा फोटो निघंल कसा? मनातल्या मनात मी तानाजीची सगळी वाक्यं पुन्हा तपासली. ‘आमची रेस.’ ‘धनपालच्या मागं दुसरा.’ ‘कप मिळाला.’ त्यानं गर्दी कधी सांगितली नव्हती. गर्दी ऐकणाऱ्यांनी भरली, आणि उरलेलं काम फ्लेक्सनं केलं. तो आपला गप्प बसला.

मी उठणार, तोच धनपालशेठ म्हणाले, “आता माझं सांगा. तो कवा बोलला का, मुद्दाम मागं ऱ्हायलो म्हणून?” मग कळलं, की मी ज्यासाठी इतका फिरत होतो त्याहून जुनी शंका ह्या माणसाजवळ होती. गाड्या तानाजीच्या हातच्या, दोन्हींची नस त्याला ठाऊक, आणि तरी तिन्ही वेळा हे पुढं. तिसऱ्या वेळी ह्यांनी टपरीवरच विचारलं होतं, तान्या, शेठचं पोरगं म्हणून सोडतोस काय मला? तानाजी नुसता हसला, हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. त्यावरून जे तुटलं ते तुटलंच. धनपालशेठनी गाडी गोदामात लावली आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. “हे कप मी रोज बघतो,” ते म्हणाले. “जितलो का दिलं, ते म्हाईत न्हाई.”

निखिल गाडी बघायला आष्ट्याला येणार होता, त्या दिवशी धनपालशेठही आले. वहिनींना हात जोडले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले. निखिलनं अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळून बघितली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, ही पूर्ण फिरत नाहीये. धनपालशेठनी स्वतः पिळून बघितली. “एवढीच तर फिरती,” ते पुटपुटले, पण त्याकडं आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. निखिलनं स्क्रू काढून मूठ उघडली. आत नखाएवढा पितळी तुकडा बसवलेला होता, कानशीनं घासून गुळगुळीत केलेला. तो असेपर्यंत गाडी निम्म्याच्या जरा पुढं जोर धरणार, त्यापलीकडं नाही.

त्या एका तुकड्याकडं तिघं तीन नजरांनी बघत होते. निखिल म्हणाला, असा अडसर घालून कुणी शर्यत लावत नसतं सर, ही गाडी कधी पळालेलीच नाही. धनपालशेठचा चेहरा उतरला. “आता कळलं,” ते म्हणाले, “मला जितवायला घातला ह्यो.” आणि वहिनी पदराला हात पुसत पुढं आल्या. “न्हाई ओ. लगीन झाल्या झाल्या मी म्हनले हुते, गाडी हळू चालवा, मला भ्या वाटतंय. तवा घातला आसंल.” त्यांच्या आवाजात आनंद होता. धनपालशेठना तेवढाही धीर पुरला असता, कारण तुकडा लग्नानंतरचा असेल तर शर्यती खऱ्या होत्या. पण त्यांचा विश्वास बसला नाही. चहा न घेता ते सांगलीला गेले.

आणि मी? मी प्रवेशाचा दिवस आठवत होतो. तेव्हा तानाजीचं लग्न झालेलं नव्हतं, आणि गाडी तेव्हाही अशीच चालत होती. हे मी वहिनींना सांगितलं नाही. धनपालशेठनाही नाही. मित्राविषयी चार ओळी लिहायला निघालो होतो आणि आता एकेकाचं समाधान हिरावून घेण्याइतका पुरावा माझ्या हातात होता... तो नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनपालशेठचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “सर, गोदाम उघडलं. गाडी बाहेर काढली. पोराकडनं मूठ खोलून घेतली.” मग म्हणाले, “माझ्यातबी हाय. तसाच. तेवढाच.”

मला एकदम त्यांचं कालचं पुटपुटणं आठवलं. एवढीच तर फिरती. त्यांना दुसरी मूठ माहीतच नव्हती. गाडी तानाजीनं दिली तशी त्यांनी चालवली आणि तानाजीशिवाय तिला कुणी उघडलं नाही. आतल्या खोलीत काय ठरलं असेल, ते आता आम्हा दोघांनाही दिसत होतं. पोराला गाडी दे, पण पळू देऊ नको. तानाजीनं शब्द दिला असणार, ह्यांच्या गाडीत तुकडा बसवला असणार, आणि मग आपलीच गाडी मोकळी ठेवून ह्यांच्याशी शर्यत लावायची त्याला लाज वाटली असणार. म्हणून तोच तुकडा त्यानं आपल्यातही घातला. टपरीवर तो नुसता हसला, कारण खरं सांगितलं तर ह्यांच्या वडलांना दिलेला शब्द मोडत होता.

“म्हंजे सरळ रस्त्याला दोघं सारखंच,” धनपालशेठ म्हणत होते. “वळणं माझी हुती. वळणं मीच मारली गड्या.” मला ‘गड्या’ ते पहिल्यांदाच म्हणाले. मला नसेल, त्याला असेल.

मी आष्ट्याला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं, प्रवेशाच्या दिवसाचंही. त्यांनी ऐकून घेतलं. तीन कपांकडं बघत म्हणाल्या, “दोघांत दुसरा,” आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसू ओसरलं. “म्हंजे ते माझ्यासाठी न्हवतं.” मला त्यावर एवढंच म्हणता आलं, की वहिनी, शर्यती संपल्या, धनपालशेठचे वडीलही पुढं वारले. शब्द संपला होता. गाडी ह्यानं कितीदा तरी सबंध खोलून पुन्हा बसवली, तुम्ही बघितलंय. तो तुकडा काढून टाकायला त्याला कुणाची हरकत होती? निखिलनं फळीवर ठेवलेला तुकडा त्यांनी उचलला, पदरानं पुसला आणि मला म्हणाल्या, “त्या इंजिनिअरला फोन लावा. हुता तिथं बसवून दे म्हनावं. फेरीला तशीच जाऊ दे.”

फलक मी लिहिला. तानाजीचं नाव, गावाचं नाव, आणि खाली ‘दोन स्पर्धकांत तीन वेळा दुसरा’. निखिलला ते विचित्र वाटलं, वहिनींना चाललं. चौकातला फ्लेक्स अजून आंतरराष्ट्रीयच आहे, तो उतरवायला मी गेलो नाही. फेरीत लाल गाडी निखिलनं चालवली, आणि धनपालशेठची, निखिलनंच चालू करून दिलेली, त्यांच्या नातवानं. दोन्ही एकाच चालीनं सगळ्यांच्या मागं होत्या. आता गाडी गॅरेजात परत आहे. आष्ट्याला गेलो की मी तिच्यावर बसतो आणि मूठ पिळतो. ती फिरते, फिरते, आणि तिथं थांबते.