डिचोलीचा टीव्हीवाला

डिचोलीहून आलेल्या त्या टीव्हीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. धारगळला आमच्या घरात शिरल्यावर त्याने आधी स्वतःच्या रुमालाने टीव्हीचा पडदा पुसला. आमच्या देवळातल्या उत्सवाचं नाटक कुठल्याशा कंपनीने मोबाईलवर घातलंय. त्यात आमचा वारलेला मुलगा आहे. बायकोची नजर अधू, मोबाईलवर तिला काही दिसत नाही. टीव्हीवर लावलं की नुसतं ‘इथे दाखवता येत नाही’ असं येतं.

मी शिकलो दुसरीपर्यंत, पण त्याला ठणकावलं, “तुला काम येत नाही, तसं सांग!”

तो रागावला नाही. सगळ्या तारा पुन्हा एकदा काढून लावत म्हणाला, “काका, मोडलेलं मी जोडतो. हे मोडूंक ना. कंपनीनेच टीव्हीवर बंद केलंय.”

कंपनीला माझ्या टीव्हीची काय अडचण, ते मला अजून कळलेलं नाही.

जाताना त्याने मोबाईल बायकोच्या कानाशी धरला. “आयकून तरी घे, आई.”

ती कान देऊन ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने मीच त्याचा हात खाली केला. आमच्या मुलाच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. राजाच्या मागे भाला धरून तो नुसता उभा होता.