घर पाहून केलेला वकील

आमचे वकीलसाहेब फाईल उघडत नसत. अशील समोर बसला की बंद फाईलवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मी आहे ना." तेवढ्यावर माणूस निम्मा बरा होऊन जिना उतरायचा. असा एखादा वकील तुम्हीही पाहिला असेलच.

मी त्यांचा कारकून. गाव जत तालुक्यात, शाळा आठवीत सुटलेली. उल्हासनगरला कॅम्प एक या वस्तीत आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मार्कशीट न मागता त्यांनी ठेवून घेतलं, म्हणून आजही त्यांच्या फोटोला हात जोडतो. पण हात जोडले म्हणून खोटं लिहायचं नाही. मला हाक मारायचे, "ए आठवी." माझं काम कोर्टात पुढची तारीख घेणं. त्यांचं काम ती तारीख अशिलाला मुलगा झाल्यासारखी सांगणं.

एक दिवस एक गोरी बाई आली. आर्मेनियाची. कॅम्पातल्या एका सिंधी घरातला मुलगा तिकडे डॉक्टरी शिकायला गेला होता, तो हिला लग्न करून घेऊन आला आणि चार वर्षांत आजारानं गेला. मागे लहान मुलगी. आता तिकडे बाईची आई शेवटच्या दुखण्यात. नात एकदा दाखवायची होती. सासरच्यांनी मुलीचा पासपोर्ट कुलपात ठेवलेला, कारण त्यांना खात्री की ही गेली की परत येत नाही. कोर्टाची परवानगी हवी होती, आणि लवकर हवी होती.

साहेबांनी तळहात ठेवला. "मैं हूँ ना."

बाईनं शांतपणे विचारलं, "तू कौन? किसका लडका?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती मोडक्या हिंदीत समजावत राहिली. आमच्याकडे, म्हणजे आर्मेनियात, ज्याचं घर पाहिलं नाही, ज्याच्या आईला भेटलो नाही, त्याच्या हातात आपलं माणूस देत नाहीत. आपल्यात मुलगी देताना घर बघतात. ही वकील करताना बघत होती. वकीलपत्रावर सही न करताच गेली.

रविवारी ती बदलापुरात, बेलवलीला, साहेबांच्या दारात; मी जेवायला तिथेच असायचो. सोबत लेक आणि डबा. तिकडे द्राक्षाच्या पानांत भात भरतात; ती मिळाली नाहीत म्हणून अळूच्या पानांत भरून आणलेला. आमचे सगळ्यांचे घसे दोन दिवस खाजत होते. जेवताना तिकडच्या रीतीनं कोकम सरबताचा पेला घेऊन उभी राहिली आणि एकेकासाठी चार चांगले शब्द बोलली. साहेबांच्या आईसाठी, गेलेल्या नवऱ्यासाठी, आणि ज्यांच्याविरुद्ध केस होती त्या सासूसाठीसुद्धा. मग साहेबांची पाळी. बोलायचे पैसे घेणारा माणूस पेला धरून नुसता घाम पुसत राहिला. बाई हसली आणि तिथेच वकीलपत्रावर सही केली.

साहेबांना वाटलं, सुटलो. पण ती दर रविवारी येऊ लागली. माई, म्हणजे साहेबांच्या आई, तिला भाकरी थापायला शिकवत आणि केसचं काय झालं ते तिच्याकडूनच ऐकत. मी आणलेली प्रत्येक तारीख आता साहेबांना स्वतःच्या ताटावर बसून सांगावी लागे. सासरची माणसं कॅम्पातली वजनदार. साहेबांना त्यांना दुखवायचं नव्हतं. आईला दुखवणंही जमेना.

शेवटी जज्ज म्हणाले, सहा आठवड्यांसाठी मुलीला घेऊन जाऊ द्या, पण मूल परत येण्याची हमी द्यायला इथला माणूस हवा, ज्याच्या नावावर घर आहे. बाईचं इथे कोण? त्या रात्री जेवताना साहेबांनी हे सांगितलं, आणि जवळजवळ आनंदानं पुढे म्हणाले, "वकिलाला अशिलासाठी जामीन राहता येत नाही. कायदाच आहे तसा."

माईंनी आमटी वाढत विचारलं, "मला येतं ना?"

बेलवलीचा फ्लॅट माईंच्या नावावर होता. पुढच्या तारखेला त्या कागद पिशवीत घालून कोर्टात आल्या आणि सही करून गेल्या.

बाई विमानात बसली आणि आमचे साहेब अशील झाले. झोप उडाली. तिचा फोन लागला नाही की माझ्यावर खेकसायचे. एकदा सल्ल्यासाठी मला घेऊन कल्याणच्या एका मोठ्या वकिलाकडे गेले. त्यानं कागद बाजूला सारून सांगितलं, निवांत राहा, होईल सगळं. जिना उतरताना साहेब म्हणाले, "हरामखोरानं एक ओळ वाचली नाही रे." मी खाली मान घालून पायऱ्या मोजल्या. त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा फायली उघडल्या. सुधारले असं म्हणणार नाही; महिन्याभरात परत मिटल्या.

परतीच्या दिवशी साहेब गाडी करून विमानतळावर, मला घेऊन. बाईला काय काय सुनवायचं, ते वाटभर पाठ करत होते. माणसं बाहेर येत गेली, गर्दी विरळ झाली, ती दिसेना. साहेब कठड्याला धरून खाली बसले. कोट घातलेला माणूस, फरशीवर.

मग ती आली. काळे कपडे, मुलगी खांद्यावर झोपलेली. आईजवळ अकरा दिवस बसायला मिळालं, एवढंच म्हणाली.

साहेब उठले. पाठ केलेलं कठड्यापाशीच राहिलं. मुलीला अलगद स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तरातरा चालू लागले. गाडी दुसऱ्या बाजूला उभी होती. मला माहीत होतं, माझं तोंड पाहून बाईलाही कळलं होतं. आम्ही दोघं त्यांच्या मागून चालत राहिलो.