भिंतीकडे पाय

तबेल्यातले किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोज सकाळी दार उघडलं की कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलंच असतं, माणसाने नाहीतर घोड्याने!

मी देवरूखची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तोवर घोडा फक्त वरातीत पाहिलेला. सासरी बघते तर समुद्रावर पर्यटकांना फिरवणारे चार घोडे, आणि त्यांचे सर्वेसर्वा माझे सासरे, आप्पा. त्यांचा सगळा जीव शेवंतावर. म्हातारी, पांढरी, नखरेल घोडी.

नवी होते तेव्हाची गोष्ट. सकाळी तबेल्यात डोकावले, तर शेवंता उताणी, चारही पाय भिंतीला लावून पडलेली! मी कौतुकाने हाक मारली, "आप्पा, बघा तरी, कशी मजेत लोळतेय!"

आप्पा चपला टाकून धावत आले. "मजेत? अगो, मरंल ती!"

घोड्याला उठताना आधी पुढचे पाय पसरायला जागा लागते. भिंतीलगत लोळला की पाय भिंतीत अडकतात, आणि तसाच पडून राहिला तर आतडी दबून जीव जातो. आप्पांनी आणि माझ्या नवऱ्याने पायांना दोर घालून तिला पाठीवरून अलीकडे उलटवलं. ती उठली. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"सूनबाय, घोडा भिंतीकडं पाय करून दिसला की कौतुक करायचं नाय. बोंब मारायची!"

* * *

त्यात शेवंताची कातडी चिऱ्याच्या भिंतीला खरचटली होती. माझा नवरा विजय हळवा. बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स त्याने तबेल्याला लावल्या. पांढऱ्या, वर गुलाबी फुलांची बॉर्डर! वाडी बघायला लोटली.

त्याच आठवड्यात शेवंता पुन्हा अडकली. खडबडीत चिऱ्यावर निदान खूर टेकवून तिला रेटा देता यायचा. टाइलवरून खूर सटासट घसरत होते.

तिला सोडवल्यावर आप्पा विजयला म्हणाले, "आता शॉवर पण लाव. आंघोळ करूनच उठंल ती!"

टाइल्स निघाल्या. भिंतीवर आडव्या फळ्या ठोकल्या, खुराला आधार म्हणून.

* * *

आप्पांचा खरा उपाय वेगळा. भिंतीच्या कडेने पेंढा उंच रचायचा, उतरता. म्हणजे घोडा भिंतीला टेकतच नाही. पण आमचा धाकटा घोडा ही पेंढ्याची उशीच खाऊन टाकायचा! मग पेंढ्याऐवजी पातेरा, आंब्याखालचा वाळका पाला.

त्यावरून वाडीतल्या बायकांशी माझं वाजलं, कारण त्यांना तो भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन भाजायला हवा. "तुमच्या घोड्यांना गाद्या, मग आमच्या भाताच्या रोपांनी काय करायचं?"

मी म्हटलं, "तुमचं रोप उताणं पडून अडकतं काय गो?"

पुढे महिनाभर मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

* * *

एकदा थोरला घोडा अडकला. शेजारपाजारचे जमले आणि जो तो आपल्या दिशेला ओढतोय. शेजारचे हसनचाचा मासेमारीवाले. ते ओरडले, "अरे, होडी अशी ओढता काय? एका आवाजात! हैसा!"

दुसऱ्या हैशाला घोडा उलटून उभा राहिला. पण मागच्यांना दिसलंच नाही! त्यांनी तिसरा हैसा दिला, दोर मोकळा सुटला आणि सगळे उताणे.

आप्पांनी शांतपणे घोड्याच्या मानेवर थोपटलं. "तू झालास उभा. आता ह्यांना कोण उठवणार?"

* * *

यंदा आप्पांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं, पलंग भिंतीला लावला. डॉक्टर म्हणाले, रोज उठवून बसवा, नाहीतर असेच पडून राहतील. पण आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. विजयने विनवलं, हसनचाचा रागावले. आप्पा बोलेनात. मला फार भीती वाटायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

एका सकाळी शेवंताचा पातेरा रचून घरात आले, तर आप्पा कुशीवर वळताना भिंतीशी अडकलेले. गुडघे भिंतीला टेकलेले आणि मान वळवून डोळे माझ्याकडे.

मी बोंब मारली. विजय धावला, कुंपणापलीकडून हसनचाचा आले. अंगाखालच्या चादरीला धरून हसनचाचांनी हळूच हैसा म्हटलं. आप्पा अलीकडे आले.

मी घरातल्या गोधड्या काढल्या आणि भिंतीच्या कडेने रचायला लागले. उंच, मग उतरत्या. आप्पा बघत होते. मग त्यांचं वाकडं झालेलं तोंड हललं.

"शेवंताचं रचलंस?"

मी हाताला चिकटलेला पाला पदराआड झटकला आणि म्हटलं, "नाय हो आप्पा. आज राहिलंच."

आप्पांनी मोठा सुस्कारा सोडला.

"मग हात दे."